टॅन्स्लीबाईंचं फाटक

संपदा त्या हॉलमध्ये गेली होती ती स्वयंपाकघर बघायला. नाचायला मुळीच नाही.

ख्राइस्टचर्चच्या मराठी मंडळाचा गणपती यंदा नव्या जागी बसवायचा होता. मंडळाच्या सेक्रेटरी सुचित्रावहिनींनी फर्मान सोडलं होतं, "तू इंजिनिअर आहेस ना, मग तूच बघून ये. दीडशे पानं उठतील का, गॅस कसा आहे, सिंक केवढं आहे." भूकंपात बिल्डिंग टिकेल की नाही याची गणितं करणारी मुलगी सिंक मोजायला सगळ्यात योग्य, असं वहिनींचं म्हणणं. त्यांच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं, त्यामुळे संपदा मुकाट्याने निघाली.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर ती हीथकोट नदीजवळच्या त्या जुन्या लाकडी हॉलपाशी पोचली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. आत दिवे लागलेले, कुणीतरी व्हायोलिन वाजवत होतं, आणि माणसं समोरासमोर दोन रांगा करून उभी होती. बहुतेक सगळी साठीच्या पुढची. एका गृहस्थांनी तर त्या थंडीत हाफ पँट घातली होती. दारात लाल कार्डिगनमधल्या एक आजी उभ्या होत्या. त्यांनी माओरीत नमस्कार करत संपदाचा ओला कोट उतरवलाच.

"किया ओरा! बरी आलीस. एक जण कमीच पडत होतं."

"नाही, मी किचन बघायला—"

"किचन कुठे पळून जात नाही, डिअर," आजी म्हणाल्या आणि त्यांनी तिला हाफ पँटवाल्या गृहस्थांसमोर नेऊन उभं केलं. त्या आजी म्हणजे बेरिल. क्लब इंग्लिश कंट्री डान्सचा होता आणि तिथला एकच कडक नियम होता – कुणी हात पुढे केला तर नाही म्हणायचं नाही.

व्हायोलिन सुरू झालं. दोन्ही रांगा पुढे आल्या, मागे गेल्या, आणि मग सगळेच गोल फिरायला लागले. संपदा डावीकडे वळली तेव्हा सारा हॉल उजवीकडे चालला होता. ती पुटपुटली, "अगं आई गं… मेले!"

तेवढ्यात स्टेजवरून खणखणीत मराठीत आवाज आला. "ताई, उजवीकडे! उजवीकडे… हां, आता मागे – मागे – आता वळा!"

ती इतकी दचकली की बरोबर वळली.

चहाच्या सुट्टीत तो व्हायोलिनवाला खाली आला. तिशीतला असेल, उंच, चष्मा घामाने थोडा खाली घसरलेला. "मी श्रीनाथ. सांगलीचा. इथे शिकायला आलो आणि राहिलो. सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो."

"मी संपदा. पुण्याची." तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. "तुम्ही मला ताई म्हणालात."

"घाईत दुसरं काही सुचलं नाही हो."

"आता घाई नाहीये."

तो हसला आणि चहाच्या कपात बघायला लागला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, हे संपदाने बघितलं आणि तिला उगाचच बरं वाटलं.

"ते शेवटी वाजवलंत ते काय होतं?" तिने विचारलं.

"विडो टॅन्स्लीज गेट. मी आपलं टॅन्स्लीबाईंचं फाटक म्हणतो."

"कोण या बाई?"

"कुणालाच माहीत नाही. फाटक कुठलं तेही नाही. पण चाल जुनी आहे. तीनशे वर्षांपूर्वी लंडनला नाचाच्या एका पुस्तकात छापली गेली. बडे लोक नाचायचे म्हणे हिच्यावर. मग फॅशन बदलली, वॉल्ट्झ आला, लंडनने हिला टाकून दिलं. इंग्लंडातल्या डॉर्सेटच्या खेड्यांमध्ये मात्र टिकली. शंभरेक वर्षांपूर्वी एक मास्तर खेडोपाडी हिंडून अशा चाली गोळा करत होते, त्यांनी एका म्हाताऱ्या फिडलवाल्याकडून उतरवून घेतली. आम्ही वाजवतो ती त्या मास्तरांची." हे सगळं तो एका दमात बोलला. मग म्हणाला, "पण तिच्यात काहीतरी चुकलंय."

"काय?"

"दोन भाग होतात आणि संपते. पण संपली असं वाटतच नाही. कुणीतरी बोलता बोलता उठून गेल्यासारखं वाटतं. माझे वडील नाट्यसंगीताला व्हायोलिनची साथ करायचे, त्यांच्याकडे शिकलो मी. कानाला ते पटत नाही. जिथे चुकलंय ते सापडेपर्यंत मला चैन पडत नाही."

"टेस्टिंगवाल्यांचं तेच असतं," संपदा म्हणाली. स्वयंपाकघर बघायचं ती साफ विसरली.

पुढच्या मंगळवारी तिने वहिनींना सांगितलं की सिंकचं माप पुन्हा घ्यावं लागेल. त्याच्या पुढच्या मंगळवारी ओव्हनची खात्री करायची होती. वहिनींनी मोबाइलवर एवढंच म्हटलं, "घे हो, सावकाश घे." वहिनी काही दूधखुळ्या नव्हत्या.

इथल्या जून-जुलैच्या हिवाळाभर संपदा नाचायला गेली. हात कुठे द्यायचा, कुठे सोडायचा, हे तिच्या पायांना हळूहळू समजलं. या नाचात आपली जोडी एक एक घर पुढे सरकत रांगेतल्या प्रत्येक जोडीबरोबर नाचून येते, आणि वळताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं. नाही बघितलं तर चक्कर येते, असं बेरिलचं शास्त्र. संपदा सगळ्यांच्या डोळ्यांत बघत होती – निवृत्त प्लंबरच्या, दोन नर्सबाईंच्या, हाफ पँटवाल्या गृहस्थांच्या. फक्त ज्याच्या डोळ्यांत बघायचं होतं तो वर स्टेजवर उभा असायचा.

"मध्येच घसरतोस का रे, श्री?" एकदा बेरिलने वर बघत विचारलं. "त्या एका ठिकाणी तुझा सूर घसरतो."

"सॉरी, बेरिल. जुनी सवय," श्रीनाथ म्हणाला.

ती मींड होती, हे संपदाला माहीत होतं. आणि आपण नाचत नाचत स्टेजपाशी पोचलो की नेमकी तेव्हाच येते, हेही एव्हाना तिच्या लक्षात आलं होतं.

त्या दिवशी तो तिला घरी सोडायला निघाला. त्याच्या जुन्या गाडीचा हीटर बंद पडलेला, काचांवर वाफ धरलेली. अहोजाहो कधीच मागे पडलं होतं.

"आज मी जवळजवळ सगळ्या क्लबबरोबर नाचले," ती बाहेर बघत म्हणाली. "एक सोडून."

"तो एक खाली उतरला तर वाजवणार कोण?"

"म्हणजे उतरायची इच्छा आहे?"

"संपदा, मी गाडी चालवतोय."

"मी कुठे थांबवतेय? चालव की."

त्याने खरंच गाडी चालवली, आणि तिचं घर मागे टाकून पुढच्या सिग्नलपर्यंत नेली.

ऑगस्टमध्ये संपदाच्या कंपनीने तिला ऑकलंडला बोलावलं. तिथल्या माउंट वेलिंग्टन भागातल्या ऑफिसात टीम लीडची जागा, जुन्या शाळांच्या इमारती मजबूत करण्याचं मोठं काम. हेच काम करायचं म्हणून ती या देशात आली होती. उत्तर द्यायला सप्टेंबरमधल्या एका सोमवारपर्यंत मुदत होती. तिने सगळ्यात आधी श्रीनाथला सांगितलं.

त्याने चष्मा वर सारला. मग म्हणाला, "अभिनंदन. मोठी संधी आहे."

"हो."

"जायला हवंस तू."

"हो का," संपदा म्हणाली. घरी जाऊन तिने कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायच्या सोडून ओट्याशी उभी राहून रडली. काम तिला हवं होतं, यात शंका नव्हती. पण हा माणूस एकदा तरी, नुसतं तोंडदेखलं तरी, काहीतरी म्हणेल असं तिला वाटलं होतं. तिचं त्याच्यावर प्रेम बसलं होतं आणि त्याने तिला रजेचा अर्ज मंजूर केल्यासारखं उत्तर दिलं होतं. भात लागला.

पुढच्या मंगळवारी ती रागावूनच गेली. चहाच्या सुट्टीत ती आणि श्रीनाथ स्वयंपाकघरात एकमेकांशी न बोलता कप मांडत होते. बेरिल बिस्किटं ताटलीत लावत स्वतःशी गुणगुणत होती. श्रीनाथचा हात मध्येच थांबला.

"बेरिल, हे काय गुणगुणतेयस?"

"फाटकच की."

"हा भाग पुस्तकात नाहीये."

"पुस्तकाने मला कधी विचारलं?" बेरिल म्हणाली. "माझे आजोबा इथल्याच बँक्स पेनिन्सुलावर लोकरीच्या शेडमध्ये फिडल वाजवायचे. मेंढ्यांची कातरणी संपली की शेडमध्येच नाच. तिथे हे असंच असायचं."

श्रीनाथ धावत जाऊन व्हायोलिन घेऊन आला. बेरिलने पुन्हा गुणगुणलं, त्याने वाजवलं. तिसरा भाग! चाल आता नीट घरी पोचत होती. पण वाजवून झाल्यावर त्याचा चेहरा पडला.

"फारच साधं आहे गं हे," तो मराठीत संपदाला म्हणाला, रुसवा विसरून. "पहिल्या दोन भागांत बोटं नुसती पळतात, आणि इथे चार सूर. पोरांचं गाणं वाटतं. आजोबांनी नंतर जोडलं असणार."

संपदाला खरं तर बोलायचं नव्हतं. पण डोळ्यांसमोर मंडळाचा गणपती आला – आरतीला उभे राहिलेले शंभर जण, निम्मे बेसूर, आणि पेटीवाले काका मध्येच प्रसादाचं बघायला उठून गेलेले.

"हे वाजवायचं नसेलच," ती म्हणाली. "म्हणायचं असेल, सगळ्यांनी. आरतीला पेटीवाला उठून गेला तरी आरती अडते का आपली?"

"पण मग फिडलवाला कुठे गेला?"

तिने बेरिलला इंग्रजीत तेच विचारलं. बेरिलने त्या दोघांकडे असं पाहिलं की जणू पाणी कुठल्या बाजूला वाहतं असं कुणी विचारलं आहे.

"नाचायला! दुसरीकडे कुठे जाणार? सारी रात्र बिचारा दुसऱ्यांसाठी वाजवणार. म्हणून या चालीत एक फेरी त्याची. तो फिडल ठेवायचा, खाली उतरायचा, आणि सगळे ला-ला करून चाल धरून ठेवायचे. आजोबा दर वेळी आजीकडेच जायचे. डॉर्सेटमध्येसुद्धा ते तिच्यासाठीच उतरायचे. मग आजी मोलकरीण म्हणून जहाजात बसून इकडे आली, आणि वर्षभरात हेही फिडल काखेत मारून आले मागोमाग."

श्रीनाथ खुर्चीवर बसला. "म्हणजे त्या मास्तरांनी म्हाताऱ्याला सांगितलं, वाजवून दाखव. आणि तो जेवढं वाजवायचा तेवढंच त्याने वाजवलं…"

"जे तो वाजवतच नव्हता ते कसं दाखवणार?" संपदा म्हणाली.

दोघं हसायला लागली. शंभर वर्षं सगळे फाटकापर्यंत जाऊन परत येत होते, आणि कारण इतकं सरळ होतं. हसता हसता संपदाला आठवलं की आपण रागावलो आहोत, आणि ती कप भरायला वळली.

क्लबचा मोठा नाच सप्टेंबरमधल्या एका रविवारी दुपारी असायचा, चहा आणि खाण्यासकट. बेरिलने जाहीर केलं की यंदा फाटक पूर्ण होणार, आजोबांसारखं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. तोच सोमवार.

त्या दुपारी बाहेर नॉर्थवेस्टर वारा सुटला होता, हॉलची दारं आपटत होती. गणपतीच्या वेळी हॉल दिला म्हणून आभार मानायला मंडळाची माणसंही आली होती. वहिनी पहिल्या रांगेत मोबाइल उभा धरून बसल्या होत्या. संपदा हिरवा कुडता घालून रांगेच्या टोकाशी उभी होती. आज काही झालं नाही तर उद्या आपण ऑकलंडला हो म्हणणार आणि हा विषय कायमचा संपणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

पहिला भाग झाला. दुसरा झाला. मग सगळा हॉल ला-ला करायला लागला, आणि श्रीनाथने व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं. तीन पायऱ्या उतरून तो इकडेतिकडे न बघता थेट संपदासमोर आला आणि त्याने हात पुढे केला.

साऱ्या मंडळाचे डोळे तिच्यावर होते, मोबाइलही. शेजारी बेरिल उभी होती, पंच्याऐंशीच्या घरातली, जिच्या आजोबांची ती फेरी. आणि लहानपणापासून हाडीमाशी खिळलेली सवय तोंडातून बाहेर पडली.

"अरे… आधी आजींना!"

तिने बेरिलचा हात उचलून त्याच्या हातात दिला.

श्रीनाथ क्षणभर तसाच उभा राहिला. मग अदबीने वाकला आणि बेरिलला घेऊन नाचायला गेला. बेरिल वयाच्या मानाने भलतीच हलकी नाचली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फेरी संपली, तो पुन्हा स्टेजवर चढला. उरलेला सगळा वेळ त्याने अगदी पुस्तकाबरहुकूम वाजवलं. एकही सूर घसरला नाही.

संपदा स्वयंपाकघरात जाऊन कप धुवायला लागली. धुतलेले कपही पुन्हा धुतले.

थोड्या वेळाने श्रीनाथ उष्ट्या कपांचा ट्रे घेऊन आत आला. त्याने टॉवेल घेतला आणि कप पुसायला लागला.

"आजी छान नाचतात," तो म्हणाला.

"श्रीनाथ, मी चुकले."

"मोठ्यांना मान दिलास. त्यात चुकायचं काय?"

"टोमणे मारू नकोस. मला सुचलं नाही… सगळे बघत होते. तू माझ्यासाठी उतरला होतास ना?"

"वहिनींच्या व्हिडिओत आलंय. तुला पाठवतील त्या."

"मी तुला विचारतेय."

त्याने कप खाली ठेवला. "हो. तुझ्यासाठीच."

तिने नळ बंद केला. वाऱ्याने खिडकीची काच खडखडत होती. "मग महिनाभर गप्प का बसलास? एकदासुद्धा म्हणाला नाहीस, जाऊ नकोस म्हणून."

"ते मी म्हणणार नाही."

"का?"

"तुला ते काम हवंय. त्या शाळांबद्दल बोलायला लागलीस की थांबत नाहीस तू. मी राहा म्हटलं असतं तर कदाचित राहिली असतीस… आणि मग दर मंगळवारी मला वरून तुझा हिरमुसलेला चेहरा दिसला असता. मला नाही जमणार ते." तो एवढं बोलून टॉवेलची घडी घालायला लागला. घडी काही नीट होईना. "ऑकलंडला पण एक क्लब आहे. बुधवारी भरतो. त्यांना फिडलवाला हवाय. मी विचारलंय."

"कधी विचारलंस?"

"तू सांगितलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आणि नोकरी?"

"लॅपटॉपवरच तर आहे. मॅनेजर म्हणाला, स्वीट ॲज, खुशाल जा."

संपदा ओले हात तसेच धरून त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे क्लबला विचारलंस, मॅनेजरला विचारलंस… मला सोडून सगळ्या न्यूझीलंडला विचारलंस?"

"त्यांना विचारणं सोपं होतं," श्रीनाथ म्हणाला. "ते नाही म्हणाले असते तरी मला झोप लागली असती."

तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. एवढे दिवस ज्या माणसाला ती मनातल्या मनात कोरडा म्हणत होती, तो चोरून घर हलवायच्या तयारीला लागला होता.

"मग आता मला विचार," ती म्हणाली. "मी काही क्लबसारखी नाही हं, नाही म्हणू शकते."

"माहीत आहे. म्हणून तर…" त्याने चष्मा वर सारला. "संपदा, माझं प्रेम आहे तुझ्यावर. येऊ का मी तुझ्याबरोबर?"

"ये," ती म्हणाली, आणि साबणाचा हात तसाच त्याच्या हातात दिला.

बेरिल चहाची किटली घ्यायला आली ती दारातच थांबली. दोघांकडे बघून तिला मराठी समजायची गरज पडली नाही. पण ऑकलंडचं संपदाने इंग्रजीत सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "मग इथे वाजवणार कोण?"

बेरिलने किटली उचलली, परत ठेवली.

"माझे आजोबा निघाले तेव्हा डॉर्सेटमध्येही कुणीतरी हेच विचारलं असणार," ती म्हणाली. "जा. तिसरा भाग तेवढा नीट शिकवा तिकडच्यांना."

तिने खुंटीवरचा दुसरा टॉवेल घेतला. श्रीनाथने संपदाचा हात काही सोडला नाही, त्यामुळे उरलेले कप बेरिललाच पुसावे लागले.